फाट्यावर लावलेली सायकल

मोबाईलमधल्या मॅपला रस्ता विचारला की वरच्या पट्टीत छोटी चित्रं येतात. गाडी, बस, सायकल, चालणारा माणूस. यातलं एक निवडा, मग रस्ता दाखवतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे ही पट्टी अशी का आहे ते समजतं. प्रत्येक साधनाचा वेग वेगळा, रस्ते वेगळे, गणित वेगळं. एकेकाचं उत्तर काढणं सोपं, सगळ्यांची मोट बांधणं अवघड.

पण आमच्या जिल्ह्यात कुणी कधी यातलं एकच निवडून प्रवास केल्याचं मला आठवत नाही.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात. हायवेपासून ४ किलोमीटर आत. वडील ऐंशीच्या दशकात धाराशिवला कॉलेजात जायचे. सकाळी सायकलवर फाट्यापर्यंत, तिथल्या हॉटेलच्या मागच्या भिंतीला सायकल लावायची, पुढे एसटी. संध्याकाळी उलट. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, चहा आणि भजी. मालकाला कुणी भाडं देत नसे. संध्याकाळी उतरल्यावर एक चहा घ्यायचा, तेच भाडं. त्या भिंतीला एका वेळी पंधरा-वीस सायकली असायच्या, असं वडील सांगतात. बहुतेकींना कुलूप नसायचं.

बाहेरच्या वाचकासाठी फाटा म्हणजे काय ते सांगतो. मोठ्या रस्त्यावरून गावाकडे आत जाणारा रस्ता जिथे फुटतो ती जागा. तिथे एक पाटी असते, एखादं झाड, एखादं हॉटेल, पंक्चरवाला. मोठी गाडी तिथपर्यंत येते, गाव तिथून आत असतं. मधल्या तुकड्याचं काय करायचं हा प्रश्न आमच्याकडे एसटीच्याही आधीपासून आहे. आणि त्याची सुरुवात बसपासून नाही, रेल्वेपासून होते.

स्टेशनच्या नावातला 'रोड'

बार्शी लाइट रेल्वे ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची कंपनी. रूळ अडीच फुटी, कारण अरुंद रूळ टाकायला स्वस्त. १८९७ मध्ये पहिली गाडी धावली ती कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत. मुख्य लाइनवरच्या कुर्डुवाडीच्या स्टेशनचं तेव्हाचं नाव होतं बार्शी रोड. बार्शी तिथून ३० किलोमीटरहून जास्त लांब! आपल्याकडे रेल्वेच्या नावात 'रोड' आलं की बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो, इथे उतरा, गाव अजून पुढे आहे. थोडक्यात, फाटा.

पुढे ही लाइन पूर्वेकडे सरकत १९११ मध्ये लातूरला पोचली. वाटेत आजच्या धाराशिव जिल्ह्यातून गेली, पण जिल्ह्याच्या गावाला तिने वळसा घातला. जवळचं स्टेशन येडशी, धाराशिवपासून सुमारे २० किलोमीटर. कळंबकरांच्या वाट्याला आलेल्या स्टेशनचं नावसुद्धा कळंब रोड. धाराशिव शहरात रेल्वे आली ती रूळ रुंद करताना मार्ग वळवला तेव्हा, म्हणजे २००८ च्या सुमारास. एका जिल्ह्याच्या ठिकाणाने दारावरून जाणाऱ्या गाडीकडे जवळजवळ शंभर वर्षं २० किलोमीटरवरून पाहिलं. मधलं अंतर बैलगाडीने, टांग्याने, नाहीतर पायी काटलं.

हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उस्मानाबाद हे नाव शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून पडलं. २०२३ मध्ये ते अधिकृतपणे बदलून धाराशिव झालं, पण त्याआधीही घरातली म्हातारी माणसं धाराशिवच म्हणायची. बार्शी मात्र इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. म्हणजे रेल्वे लंडनच्या कंपनीची, प्रवासी निजामाची प्रजा, आणि बाजारपेठ इंग्रजी हद्दीत.

निजामाच्या सरकारने १९३२ मध्ये स्वतःची बससेवा सुरू केली. २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी. सरकारने चालवलेली ही देशातल्या सुरुवातीच्या बससेवांपैकी एक. मला यातली लक्षात राहिलेली गोष्ट वेगळी आहे. हा बसचा विभाग रेल्वेच्याच खात्याखाली होता. रूळ जिथे संपतात तिथून पुढे माणसाला नेणं हेही आपलंच काम आहे, हे त्या काळातल्या कुणातरी अधिकाऱ्याला सुचलं होतं.

इकडे मुंबई राज्याची एसटी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर रस्त्यावर पहिल्यांदा धावली. त्या दिवशी आमचं गाव अजून भारतात नव्हतं. साडेतीन महिन्यांनी, १३ सप्टेंबरला, भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गच्या रस्त्याने आत शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. पुढे मुंबई, मराठवाडा आणि विदर्भ या तिन्ही भागांच्या सेवा मिळून आजचं एसटी महामंडळ उभं राहिलं.

दुष्काळानं बांधलेला रस्ता

एसटी आली, पण ती मोठ्या रस्त्यावर. गावात यायला रस्ता तर हवा! आमच्याकडे फाट्यापासून गावापर्यंत पूर्वी गाडीवाट होती. पावसाळ्यात काळ्या रानात चाक रुतायचं. माणूससुद्धा चप्पल हातात घेऊन चालायचा.

तो रस्ता झाला १९७२ च्या दुष्काळात. महाराष्ट्रातला तो सगळ्यात मोठ्या दुष्काळांपैकी एक, आणि आमचा जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी. सरकारने जागोजाग दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. मे १९७३ मध्ये राज्यभरात या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. यातूनच पुढे महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा आला, आणि त्याच धर्तीवर २००५ मध्ये देशाचा.

माझी आजी त्या ५० लाखांतली एक. तिच्या बोलण्यात दुष्काळ म्हणजे खडी, सुकडी आणि मिलो. दिवसभर बसून खडी फोडायची, खाऊ म्हणून सुकडी मिळायची, आणि घरी परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी. अजूनही फाट्यावरून गावाकडे वळलो की ती म्हणते, "ह्या रस्त्याची खडी माझ्या हातची हाय." तक्रारीचा सूर नसतो. घराच्या भिंतीबद्दल बोलावं तसं बोलते.

त्या खडीवर पुढे डांबर पडलं आणि मग दोन गोष्टी गावात आल्या. सायकल आणि मुक्कामाची एसटी.

सायकल त्याआधीही होती, पण पाटलाची, मास्तरांची. नाव विलायती, रॅले नाहीतर हर्क्युलिस. स्वातंत्र्यानंतर देशात कारखाने उभे राहिले. १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. सायकल हळूहळू शेतकऱ्याच्या आवाक्यात आली. लग्नात जावयाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल देण्याचा तो काळ. काळी, चोवीस इंची, मागे रुंद कॅरिअर. त्या कॅरिअरवर दुधाच्या किटल्या जायच्या, पेंडीची पोती जायची, आजारी माणूससुद्धा जायचा. पोरं मधल्या दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकायची, कारण सीटवर बसलं तर पाय पुरायचे नाहीत.

मुक्कामाची गाडी संध्याकाळी यायची, रात्री गावातच थांबायची आणि पहाटे निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर झोपायचे. कुणीतरी घरून भाकरी पोचवायचं. 'गाव तिथे एसटी' म्हणतात ते आमच्यासारख्या गावांसाठी या एका गाडीने खरं केलं. पण एक गाडी म्हणजे दिवसातून दोन वेळा. पहाटेची चुकली, किंवा कॉलेज अकराला असेल, तर मधल्या सगळ्या वेळेचं उत्तर एकच. सायकल काढा आणि फाटा गाठा. फाट्यावर दिवसभर गाड्या होत्या.

म्हणजे एसटीचं वेळापत्रक जिथे विरळ होतं, तिथे सायकल ते दाट करत होती. वडिलांच्या पिढीला हे कुणी शिकवलं नाही.

टप, तास आणि वही

या जोडीचे आणखी दोन प्रकार होते. माझ्या वयाच्या वाचकांनी यातला एखादाच पाहिला असेल.

पहिला, टपावरची सायकल. एसटीच्या मागे लोखंडी शिडी असायची आणि वर कठडा. भाजीच्या पाट्या, कोंबड्यांची खुराडी, नव्या संसाराची ट्रंक, सगळं टपावर. सायकलही तिथेच आडवी बांधायची, कंडक्टरकडून लगेजचं तिकीट घ्यायचं. तालुक्याहून नवी सायकल विकत घेतली की ती पहिल्यांदा घरी यायची ती एसटीच्या डोक्यावर बसून. दुसऱ्या गावी कामाला जाणारा गवंडी सोमवारी सायकल टपावर टाकून न्यायचा आणि शनिवारी परत आणायचा. आता बहुतेक नव्या गाड्यांवर ती शिडी दिसत नाही.

दुसरा प्रकार, तासाच्या भाड्याची सायकल. बसस्टँडच्या समोर हमखास एक सायकल मार्ट असायचं. एसटीतून उतरायचं, वहीत नाव, गाव आणि वेळ लिहायची, सायकल घ्यायची. कचेरी, बाजार, दवाखाना करून परत आणून द्यायची. ओळख असेल तर डिपॉझिट नाही. नसेल तर ओळखीचं कुणीतरी शोधायचं, आणि आमच्याकडे दोन प्रश्नांत ते सापडतंच.

२०१७ च्या अखेरीपासून पुण्यात ॲपवर भाड्याच्या सायकली सुरू झाल्या. पिवळ्या, हिरव्या, केशरी. मोबाईलने कुलूप उघडायचं, काम झालं की लावून जायचं. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो आणि हे फार नवं वाटलं होतं. दोन-तीन वर्षांत त्यातल्या बहुतेक रस्त्यावरून गेल्या. पुढे एकदा वडिलांना या सगळ्याबद्दल सांगत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पंक्चर कोण काढायचं?" सायकल मार्टची वही हा एक डेटाबेस होता हे खरं, पण त्या वहीमागे बसलेला माणूस हातात पाना घेऊनच बसलेला असायचा. ॲपने वही तेवढी उचलली.

ही जोडी मागासलेपणाची खूण आहे असं आपल्याला वाटत असतं, म्हणून जरा बाहेर पाहू. नेदरलँड्समध्ये रेल्वेचे जवळजवळ निम्मे प्रवासी घरून स्टेशनपर्यंत सायकलने येतात. उतरल्यावर पुढच्या तुकड्यासाठी २००३ पासून स्टेशनवर भाड्याच्या सायकली आहेत आणि त्या आता रेल्वे कंपनीच चालवते. अमेरिकेत सिएटल शहराने नव्वदच्या दशकात बसच्या नाकावर सायकल अडकवायचे रॅक बसवले. आमचं टप त्यांनी पुढे आणून खाली घेतलं, असं म्हणा. फरक कल्पनेचा नव्हता. त्यांनी सायकल ठेवायला जागा बांधली. आमच्याकडे ती जागा म्हणजे हॉटेलवाल्याची भिंत होती.

पाच किलोमीटरच्या आत, पाच किलोमीटरच्या बाहेर

इथपर्यंतच्या गोष्टीत एक मोठा घोटाळा आहे. ती सगळी पुरुषांची आहे.

माझी आई सातवीपर्यंत शिकली. तिच्या माहेरी शाळा सातवीपर्यंतच होती आणि हायस्कूल ४ किलोमीटरवर. तिचे दोन्ही भाऊ सायकलवर गेले. घरात सायकल होती, रस्ता होता, हुशारीही होती. मुलीने सायकल चालवायची नाही एवढंच होतं. ४ किलोमीटर म्हणजे सायकलवर वीस मिनिटं. आईचं शिक्षण त्या वीस मिनिटांवर थांबलं.

२००६ मध्ये राज्य सरकारने मानव विकास मिशन सुरू केलं. मानव विकास निर्देशांकात मागे पडलेल्या १२ जिल्ह्यांत ते आधी आलं, त्यात आमचा जिल्हा होता. २०११ नंतर ते २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत पसरलं आणि त्यात मुलींच्या शाळेसाठी दोन गोष्टी होत्या. शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल. आणि लांबच्या गावांतल्या मुलींसाठी एसटीने चालवायच्या निळ्या बस. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून एसटीचा मोफत पास होताच. आधी तो दहावीपर्यंत होता, पुढे बारावीपर्यंत झाला.

योजना लिहिणाऱ्यांनीही मॅपसारखीच पट्टी केली होती. आत असाल तर सायकल, बाहेर असाल तर बस.

माझी बहीण माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. आठवीत तिला सायकल मिळाली. दांडी नसलेली, पुढे जाळीची टोपली. पहिले काही दिवस गावातल्या सहा जणी एकत्र निघायच्या, एकटीला कुणी काही बोललं तर काय म्हणून. हायस्कूल फाट्याजवळच्या मोठ्या गावात, म्हणजे आजीच्या खडीचाच रस्ता. दहावी झाली. अकरावी-बारावीसाठी तुळजापूर. आता शाळा ५ किलोमीटरच्या पलीकडे गेली होती, तेव्हा कागदावर ती बसची प्रवासी. पण बस फाट्यावर, आणि फाटा ४ किलोमीटरवर. तिने तीच आठवीतली सायकल काढली, हॉटेलच्या मागच्या भिंतीला साखळीने बांधली आणि पुढे पास दाखवून एसटी.

वडिलांनी लावली त्याच भिंतीला. तेव्हाचा मालक आता नाही, मुलगा हॉटेल चालवतो. त्यानेही भाडं घेतलं नाही.

मी हे नंतर कागदावर मांडून पाहिलं. सायकल एका खात्याची, पास दुसऱ्या खात्याचा. दोन्ही चांगल्या योजना, दोन्हींवर खर्च झालेला. पण या दोन्ही एकाच मुलीला एकाच सकाळी लागतील असं कुठे लिहिलेलं नव्हतं. ती जोडणी सहा मुलींनी एका साखळीने आणि सहा कुलपांनी केली. तिथे जागा मिळाली नसती तर त्यातल्या किती जणी बारावीपर्यंत पोचल्या असत्या, हा प्रश्न मी आईसमोर कधी काढत नाही.

ही जोडी किती नाजूक आहे ते २०२१ मध्ये दिसलं. ऑक्टोबरच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. तुटपुंजा पगार, तोही वेळेवर नाही, सहकाऱ्यांच्या आत्महत्या. कर्मचाऱ्यांची कारणं खरी होती. पण त्या महिन्यांत जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या मुलांकडे प्रवासाचा अर्धाच भाग उरला होता. सायकल फाट्यापर्यंत नेत होती. पुढे ज्याच्याकडे जीपचे पैसे तो गेला.

आता फाट्यावर

आज सायकली कमी झाल्या आहेत. मोटारसायकल हप्त्यावर मिळते आणि ती फाट्यावर थांबत नाही, थेट धाराशिव गाठते. ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनालाच, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. सोलापूर–धाराशिव–येडशी हायवे चौपदरी झाला. प्रवास लवकर होतो, पण पूर्वी ज्या फाट्यावर गाडी समोर येऊन थांबायची तिथे मधे दुभाजक आला. पलीकडची एसटी पकडायची तर सुसाट गाड्यांमधून रस्ता ओलांडायचा. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेचंही काम सुरू आहे. स्टेशनं होतील, आणि प्रत्येक स्टेशनाला पुन्हा एक मधला तुकडा असेल.

मोटारसायकल आली म्हणून प्रश्न सुटला असं वाटतं खरं, पण घरात मोटारसायकल एक असते आणि ती कुणाकडे असते हे सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. आमच्या गावातल्या बायका त्यामुळे कधी नव्हे एवढ्या तुळजापूरला, सोलापूरला जाऊ लागल्या. फाट्यापर्यंत मात्र त्या अजूनही चालतात, नाहीतर कुणाच्या तरी मागे बसायची वाट पाहतात.

मागच्या दिवाळीत फाट्यावर उतरलो तेव्हा हॉटेलच्या पुढे मोटारसायकलींची रांग होती. मागे जाऊन पाहिलं. सात सायकली होत्या, सातही मुलींच्या, टोपलीवाल्या. भिंतीचं प्लॅस्टर निघालंय, पावसाचं पाणी थेट सीटवर पडतं. सीटवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या होत्या.

मला फार काही सुचवायचं नाही. पत्र्याची एक शेड, कुलूप लावायला जमिनीत गाडलेला एक लोखंडी पाइप, रात्री एक दिवा. दर फाट्याला एवढं. ज्या जिल्ह्याने दुष्काळात खडी फोडून रस्ते केले, त्याला हे जड जाऊ नये. बहीण आता धाराशिवला शिकवते. तिला हे बोलून दाखवलं तर म्हणाली, "दादा, शेड दुभाजकाच्या कुठल्या बाजूला बांधणार ते आधी ठरवा. सकाळी घाईत रस्ता ओलांडावा लागतो."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.